नाल, रेक आणि जॅकपॉट : जुगारातल्या तिसऱ्या माणसाचा हिशेब

बलिप्रतिपदेचे एक जुने नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी शिव-पार्वती द्यूत खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा सांगतात. त्या निमित्ताने घरोघर पत्त्यांचे किंवा सारीपाटाचे डाव रंगत. अशा घरगुती डावाचा एक विशेष सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रात्री डाव मोडल्यावर सगळ्यांचे खिसे एकत्र करून मोजले, तर बेरीज सुरुवातीइतकीच भरते. एकाचे गेले ते दुसऱ्याला मिळाले. बैठकीबाहेर काही गेले नाही.

हाच डाव जुगाराच्या अड्ड्यावर मांडला की बेरीज जुळेनाशी होते, कारण तिथे एक तिसरा माणूस असतो. तो खेळत नाही. जागा, पत्ते आणि दिवाबत्ती पुरवतो, आणि जिंकणाऱ्याच्या रकमेतून आपला वाटा काढून घेतो. या वाट्याला आपल्याकडे ‘नाल’ म्हणतात. जुगाराच्या खटल्यांमध्ये, पोलिसांच्या पंचनाम्यांमध्ये हा शब्द आजही भेटतो, कारण अड्डा चालवल्याचा आरोप पुष्कळदा नाल घेतली की नाही यावरच ठरतो.

संस्कृतात या तिसऱ्या माणसाला ‘सभिक’ म्हणत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घ्यावेत, शिवाय फाशांचे भाडे, पाण्याचे आणि जागेचे पैसे घ्यावेत, असे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृती मोठ्या पणावर शेकडा पाच आणि लहान पणावर शेकडा दहा असा भेद करते. लहान खेळणाऱ्याकडून अधिक टक्के घ्यायचे हे तत्त्व तेव्हापासूनचे आहे. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

साहित्यात जुगारी पुष्कळ येतो, सभिक क्वचित. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तात फाशांचा मोह आहे, घरच्यांची परवड आहे. महाभारतात पण हरणारा धर्मराज आहे. सभिक ठसठशीतपणे दिसतो तो शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’च्या दुसऱ्या अंकात. दहा सुवर्ण हरलेला संवाहक पळ काढतो आणि एका ओस देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. सभिक माथुर त्याला ओढून बाहेर काढत नाही. तो आणि त्याचा सोबती तिथेच द्यूत मांडून बसतात. फाशांचा आवाज ऐकून संवाहकाला राहवत नाही आणि मूर्ती आपणहून चालत येते. वसुलीची ही युक्ती लक्षात ठेवून आपण आजच्या अमेरिकन पोकरच्या दालनात जाऊ, कारण तिथला सभिकही खेळाडूला बोलावतो तो खेळाच्याच आवाजाने.

रेक म्हणजे काय

कॅसिनोतले बहुतेक खेळ खेळाडू विरुद्ध कॅसिनो असे असतात. रूलेट असो वा ब्लॅकजॅक, तुम्ही हरलात की ते पैसे कॅसिनोचे. पोकर तसा नाही. तिथे खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. कोण जिंकले, कोण हरले याच्याशी कॅसिनोला देणेघेणे नसते. मग त्याची कमाई कशातून? प्रत्येक डावाच्या मधल्या रकमेतून, म्हणजे पॉटमधून, तो आपला हिस्सा काढतो. त्याला ‘रेक’ म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा साधा अर्थ दाताळे, आणि काम दाताळ्याचेच आहे : पसाऱ्यातून थोडे आपल्याकडे ओढून घ्यायचे.

आज सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार ‘टेक्सास होल्डेम’. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मग टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच सामाईक पत्ते उघडले जातात आणि दर टप्प्याला बोली होते. सात पत्त्यांतून ज्याचे पाच पत्ते भारी, त्याचा पॉट. पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्यापूर्वीच डाव मिटला तर बहुतेक ठिकाणी रेक घेत नाहीत. डाव पुढे गेला, की पत्ते वाटणारा डीलर पॉट वाढेल तशी एकेक चिप बाजूला काढतो आणि टेबलाच्या कडेच्या फटीतून खालच्या कुलूपबंद पेटीत टाकतो. नेवाडा राज्याच्या नियमावलीनुसार हा हिस्सा डावात लागलेल्या रकमेच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. लास वेगासमध्ये लहान रकमेच्या टेबलांवर साधारणतः १० टक्के, पण एका डावाला चार, पाच किंवा सहा डॉलरपर्यंतच, अशी पद्धत आढळते.

ही कमाल मर्यादा खेळाडूच्या सोयीची वाटते. तशी ती आहे, पण मोठ्या खेळाडूच्या. पॉट ४०० डॉलरचा असेल आणि रेक ५ डॉलर, तर कपात सव्वा टक्का. पॉट ४० डॉलरचा असेल तर ४ डॉलर, म्हणजे पुरे दहा टक्के. त्यात जॅकपॉटसाठीचा एक-दोन डॉलरचा वेगळा तुकडा मिळवला तर लहान पॉटमधून पंधरा टक्केही जातात. फार मोठ्या रकमांच्या टेबलांवर तर पॉटमधून काहीच काढत नाहीत. दर अर्ध्या तासाला प्रत्येकाकडून बसण्याचे ठरावीक पैसे घेतात. याज्ञवल्क्याचा भेद इथे वेगळ्या वेषात दिसतो.

कायद्याची नजर

सभिकाने नेमके कशावर पैसे घ्यावेत, हा प्रश्न अनेक देशांतल्या कायद्यांना महत्त्वाचा वाटला आहे. कॅलिफोर्नियात डावाच्या रकमेवर टक्केवारी घेणारे खेळ दंडसंहितेनेच निषिद्ध आहेत. लॉस एंजलिसजवळच्या गार्डेना गावात १९३६ पासून पोकर क्लब उभे राहिले, ते दर अर्ध्या तासाला बैठकीचे पैसे घेत. आज तिथली दालने डावागणिक आधी जाहीर केलेली ठरावीक रक्कम घेतात; ती रक्कम पणाच्या किंवा जिंकलेल्या पैशांच्या टक्केवारीने ठरवता येत नाही. टेक्सासमध्ये खेळातून यजमानाला लाभ झालेला चालत नाही, म्हणून तिथले क्लब सभासद-वर्गणी आणि खुर्चीचे ताशी भाडे घेतात.

आपल्याकडे १९६०च्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले. त्याच निकालात न्यायालयाने म्हटले, की क्लबने पत्त्यांचे आणि सोयींचे माफक पैसे घेणे वेगळे. पण खेळातून मालक नफा कमावतो असे दिसले तर गुन्हा होऊ शकतो. म्हणजे खेळ कौशल्याचा आहे की दैवाचा, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. तिसरा माणूस काय घेतो, हेही पाहावे लागते.

एका टेबलाचा ताळेबंद

आता थोडे गणित करू. आकडे मी गृहीत धरलेले आहेत, पण लहान रकमेच्या टेबलांच्या रीतीला धरून आहेत. टेबलावर नऊ खेळाडू आहेत. तासाला तीस डाव होतात. रेक दर डावाला सरासरी ३ डॉलर, म्हणजे तासाला ९० डॉलर. तीसपैकी वीस डावांत जॅकपॉटचा एक डॉलर कापला जातो : २० डॉलर. त्याच वीस डावांत जिंकणारा डीलरला एक डॉलर बक्षिसी देतो : आणखी २० डॉलर. अमेरिकेत डीलरचे पोट बहुतांशी बक्षिसीवर असल्याने ती न देणे बरे दिसत नाही. एकूण, टेबलावरून तासाला १३० डॉलर उठतात.

नऊ जणांनी प्रत्येकी २०० डॉलर आणले तर टेबलावर १,८०० डॉलर असतील. कोणी नवे पैसे काढले नाहीत तर आठ तासांत त्यातले १,०४० डॉलर टेबलावरून नाहीसे होतात. नऊही खेळाडू अगदी समान कुवतीचे असतील, तर सरासरीने सगळेच हरतात. दिवाळीच्या घरगुती डावात आणि या डावात हाच फरक आहे.

माणशी हिशेब ताशी साडेचौदा डॉलरच्या आसपास येतो. एखादा नेहमीचा खेळाडू आठवड्याला वीस तास, म्हणजे वर्षाला सुमारे हजार तास खेळत असेल, तर तो वर्षाला साडेचौदा हजार डॉलर देतो. तो इतका कुशल आहे, की बाकीच्यांकडून ताशी २० डॉलर जिंकतो, असे समजा. त्यातले जेमतेम साडेपाच त्याच्या हाती उरतात. त्याच्यापेक्षा किंचित कमी कुशल असलेला, ताशी १२ डॉलर जिंकणारा माणूस इतरांहून सरस असूनही वर्षाअखेर तोट्यात असतो. मोजके डाव खेळणाऱ्याला कपात काहीशी कमी लागते, कारण ती जिंकलेल्या पॉटमधून जाते. तरी चित्र फारसे बदलत नाही.

या खेळाडूला आपण का हरतो ते बहुधा कळत नाही, कारण रेक कापला जातो तो क्षणच तसा असतो. पॉट हरलेल्याचे लक्ष समोरच्याच्या पत्त्यांवर असते. आपले पैसे त्याने नेले असे त्याला वाटते. जिंकलेला आनंदात असतो. ९५ डॉलर समोर सरकत असताना पेटीत गेलेले पाच तो मोजत नाही. दाराशी तासाला साडेचौदा डॉलरचे तिकीट लावले असते, तर यांतले किती जण आत गेले असते? अर्थात कॅसिनोची बाजूही खरी आहे. दालनाची जागा, डीलरचा पगार, पत्ते, देखरेख, फसवणुकीपासून संरक्षण यांना पैसे लागतात, आणि तेवढ्याच जागेत ठेवलेली नाणे-यंत्रे बहुधा अधिक मिळवून देतात. रेक हे सेवेचे मोल आहे. फक्त ते मोल ग्राहकाला दिसत नाही अशा रीतीने घेतले जाते.

हरणाऱ्याचे बक्षीस

जॅकपॉटचा तो एक डॉलर मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो कॅसिनोच्या कमाईत जात नाही. खेळाडूंच्याच निधीत जमा होतो. सर्वांत प्रसिद्ध प्रकार ‘बॅड बीट जॅकपॉट’. फार भारी पत्ते असूनही जो हरतो, त्याला मोठे बक्षीस. उदाहरणार्थ, चार अठ्ठ्या किंवा त्याहून वरचे पत्ते हरले पाहिजेत, दोन्ही खेळाडूंनी आपले झाकलेले दोन्ही पत्ते वापरलेले असले पाहिजेत, पॉट ठरावीक रकमेचा असला पाहिजे, अशा अटी असतात. डाव चालू असताना कोणी जॅकपॉटचा विषय काढला तर तो बाद ठरू शकतो. पुष्कळ ठिकाणी निम्मी रक्कम हरणाऱ्याला, पाव जिंकणाऱ्याला आणि पाव टेबलावरच्या बाकीच्यांना वाटतात.

रकमा डोळे दिपवणाऱ्या होतात. पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत २०२२ साली चार एक्के रॉयल फ्लशपुढे हरले आणि सुमारे १२ लाख डॉलर वाटले गेले. एकाच डावात हरणारा आणि जिंकणारा दोघेही श्रीमंत झाले, बाजूला बसलेल्यांचेही भले झाले. अशी बातमी पसरते आणि टेबलांपुढे रांगा लागतात.

हा पैसा खेळाडूंनाच परत मिळतो का? मूलनिवासी जमातींच्या कॅसिनोंसाठी असलेल्या अमेरिकी केंद्रीय नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की खेळाडूंनी भरलेला निधी जाहीर नियमांप्रमाणे त्यांना परत द्यावा, त्यातून दलाली किंवा व्यवस्थापन खर्च कापू नये. हा नियम काटेकोर पाळला गेला असे धरून चालू. तरी ‘खेळाडूंना’ परत मिळणे आणि ‘या खेळाडूला’ परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुन्हा आपले टेबल घेऊ. जॅकपॉट सरासरीने एक लाख डावांतून एकदा लागतो असे समजा. तेवढ्या डावांत निधीत सुमारे ६६,७०० डॉलर जमतात. हरणाऱ्याला ३३,३००, जिंकणाऱ्याला १६,७००, आणि बाकीच्या सात जणांना प्रत्येकी सुमारे २,४०० मिळतील. आपला नेहमीचा खेळाडू वर्षाला तीस हजार डाव बसतो आणि २,२०० डॉलर या निधीत भरतो. सरासरीने सव्वातीन-साडेतीन वर्षांतून एकदा तो जॅकपॉट लागलेल्या टेबलावर असेल. पण हरणाऱ्याच्या खुर्चीत तो नवांपैकी एक. म्हणजे सरासरी तीस वर्षांतून एकदा. तीस वर्षांत तो साधारण ६६,७०० डॉलर भरेल आणि सरासरीने तेवढेच परत मिळवेल. कागदावर हिशेब चोख आहे.

पण माणूस सरासरी जगत नाही. दहा वर्षांचा काळ घेतला, तर असे खेळाडू शंभर असतील तेव्हा त्यांतले पन्नासहून अधिक एकदाही मुख्य दोघांपैकी नसतील. त्यांनी प्रत्येकी २२,००० डॉलर भरलेले असतील आणि बाजूला बसल्याबद्दल सरासरी साडेपाच हजारांच्या आसपास मिळालेले असतील. उरलेले सोळा-सतरा हजार दुसऱ्या कोणाला मिळाले. तो दुसरा कदाचित त्याच टेबलावरचा सोबती असेल, कदाचित सुट्टीवर आलेला आणि पुन्हा कधी न येणारा पाहुणा.

पैसे गेले ते पाहुण्याला, यातही फरक पडतो. टेबलावर एकाने हरलेले वीस डॉलर उद्या पुन्हा टेबलावर येण्याची शक्यता असते. त्या पैशावरच कुशल खेळाडूची उपजीविका चालते. जॅकपॉटचे मोठे बक्षीस मात्र सहसा खेळात परतत नाही. त्यावर कर जातो, कर्ज फिटते, गाडी येते. त्या माणसाचे चांगलेच होते. पण लहान लहान पॉटमधून गोळा झालेली रक्कम तिथल्या खेळातून एकदम बाहेर पडते, आणि नेहमीच्या खेळाडूला जिंकण्याजोगे पैसे तेवढे कमी होतात.

आमिषाचे मोल कोण देतो

याची दुसरी बाजू मांडायला हवी. जॅकपॉटमुळे हौशी लोक येतात. ते मोकळ्या हाताने खेळतात, आणि त्यांच्याकडून जिंकणे नेहमीच्या खेळाडूला सोपे जाते. ओस पडलेल्या दालनात कमी रेक असण्यापेक्षा भरलेल्या दालनात जास्त रेक परवडतो, असे म्हणणारे जुने खेळाडू आहेत, आणि त्यांचे म्हणणे चूक नाही.

पण मग त्या आकर्षणाचा खर्च कोण करतो हे पाहावे. साधारण व्यापारात गिऱ्हाईक खेचण्यासाठी दुकानदार सवलत देतो किंवा जाहिरात करतो, आणि त्याचा खर्च नफ्यातून भागवतो. इथे जाहिरातीचे पैसे गिऱ्हाइकांकडून डावागणिक गोळा होतात. निधी फुगला की टेबले भरतात. टेबले भरली की तासाला अधिक डाव, अधिक रेक. जॅकपॉटमधला एकही डॉलर कॅसिनोने ठेवला नाही, तरी जॅकपॉटमुळे आलेला रेक सगळा त्याचाच. निधी खेळाडूंचा आणि फायदा यजमानाचा, अशी ही रचना आहे.

इतर बक्षिसांचेही असेच. दर अर्ध्या किंवा एका तासाला सर्वांत भारी पत्त्यांना ठरावीक रक्कम, किंवा महिन्यात अमुक तास बसणाऱ्यांना स्पर्धेत फुकट प्रवेश. या योजना खेळणे बदलतात. एरवी टाकून दिले असते असे लहान जोडीचे पत्ते माणूस धरून बसतो. भारी पत्ते जमण्याच्या आशेने बोली वाढवायची तिथे गप्प राहतो. घरी जायच्या वेळी आणखी एक तास थांबतो. त्या एका तासाची किंमत आपण वर काढली आहे.

नेहमीच्या खेळाडूंनी याविरुद्ध संघटितपणे आवाज उठवल्याचे प्रसंग थोडे आहेत. इंटरनेटवरच्या पोकरमध्ये रेकचा काही भाग परत देण्याची पद्धत होती. सर्वाधिक खेळणाऱ्यांच्या सवलती २०१६ पासून कमी करण्याचे ‘पोकरस्टार्स’ने २०१५च्या नोव्हेंबरात जाहीर केले, तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत अनेक खेळाडूंनी खेळ बंद ठेवला. कंपनीने निर्णय फिरवला नाही. कामगाराचा संप मालकाचे काम अडवतो. इथे एकाची खुर्ची रिकामी झाली की दुसरा बसतो. रोज येणारा हाच सर्वाधिक नाल देणारा, आणि दर ठरवताना त्याचाच शब्द सर्वांत हलका.

आपल्याकडे महाराष्ट्राचा १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ साली तो रद्द झाला. केंद्राने २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कायदेशीर पोकर खेळायला मराठी माणूस जातो तो मुख्यतः गोव्यात, मांडवीतल्या जहाजांवर. तिथेही पॉटमधून रेक निघतोच. जाणाऱ्याने दोन-चार गोष्टी आधी विचाराव्यात : टक्के किती, कमाल किती, बक्षीस-योजनेसाठी वेगळे काही कापतात का, त्या निधीचा हिशेब कुठे लावलेला असतो. आणि घड्याळ पाहून, तासाला टेबलावरून किती उठते ते स्वतः मोजावे. हे मोजायला पोकर उत्तम यावा लागत नाही. बेरीज आली की पुरते.

जुगाराच्या कथांत आपण नेहमी दोघांकडे पाहतो, जिंकणाऱ्याकडे आणि हरणाऱ्याकडे. दैव, मोह, कौशल्य ही सगळी नाटके त्या दोघांमध्ये घडतात. देवळात द्यूत मांडणाऱ्या माथुराने फासे निदान स्वतःचे आणले होते. आजच्या दालनात फाशांच्या आवाजाचाही खर्च संवाहकाच्याच खात्यावर पडतो, आणि तो दर डावाला एक डॉलर इतका लहान असतो, की कोणी मोजायला बसत नाही.